तुमचे प्रश्न: दाराची हँडलं, लॉक आणि त्याच्यावरून घरात होणारी भांडणं

मागच्या अंकात बिजागऱ्यांवर चार ओळी लिहिल्या तर यावेळी निम्म्याच्या वर पत्रं दाराच्या हँडलचीच आली, म्हणून म्हटलं ह्या अंकात बाकी सगळं बाजूला ठेवून हेच घेऊ. मी काही इंजिनियर नाही बरं का. परभणीत मोंढ्याजवळ हार्डवेअरच्या काउंटरवर २२ वर्षं उभा राहिलो, आता पोरगं बसतंय आणि मी बाजूला खुर्ची टाकून गिऱ्हाईक बघत असतो, तेवढंच माझं भांडवल.

दादा, आमचं सेलूला नवीन घर व्हायलंय, खाली-वर मिळून अकरा दारं आहेत. मिस्टरांनी मोबाइलवर गुलाबीसर सोनेरी, म्हणजे 'रोज गोल्ड' कलरचं एक लांब हँडल बघून ठेवलंय आणि सगळ्या दारांना तेच पाहिजे म्हणायलेत. दुकानात गेलो तर दुकानदार विचारतो पंच्याऐंशी का बहात्तर, साठचा सिलिंडर का सत्तरचा, प्लेट का रोज. आम्ही दोघं एकमेकाच्या तोंडाकडं बघत परत आलो. तो फसवायलाय का? आणि घ्यावं काय, पितळ का स्टील?
— एक ताई, सेलू

ताई, फसवत नाहीये, बरोबर विचारायलाय. उलट जो काहीच न विचारता डबा हातात देतो आणि 'बसतंय बसतंय, न्या' म्हणतो त्याला सांभाळा, कारण ते बसलं नाही की मिस्त्री दार कोरून कोरून बसवतो आणि मग दाराची जी दशा होते ती मी बघितलीय.

आता ते आकडे काय आहेत ते सांगतो. हँडल एकटं नसतंय. दाराच्या जाडीत पटाशीनं खाच पाडून एक लोखंडी पेटी बसवतात, ती लॉकची बॉडी, तिलाच सगळे मॉर्टिस म्हणतात. त्या पेटीतून ८ मिमीची एक चौकोनी सळई आरपार जाते, तिच्या दोन टोकांना दोन हँडलं, आणि खाली किल्लीचा सिलिंडर. सळईच्या मध्यापासून सिलिंडरच्या गोल भागाच्या मध्यापर्यंत जे अंतर, ते ८५ मिमी किंवा ७२ मिमी. आपल्याकडं ८५ जास्त चालतं. हे कामाचं कधी, तर तुम्ही लांब प्लेटवालं हँडल घेणार असाल तेव्हा, कारण प्लेटला वर हँडल आणि खाली किल्लीचं भोक दोन्ही एकाच पट्टीत आधीच पाडलेलं असतंय. बॉडी ८५ ची आणि प्लेट ७२ ची आणली की किल्ली जाणारच नाही, काही करा. रोज म्हणजे मिस्टरांचा तो रोज गोल्ड नव्हे, रोज म्हणजे हँडलच्या मुळाशी असणारी छोटी गोल नाहीतर चौकोनी चकती, आणि किल्लीच्या भोकाला तसलीच दुसरी चकती वेगळी. दोन्ही सुटं असल्यामुळं ८५ असो का ७२, चालतंय. सध्या सगळे रोजच मागायलेत, दिसायला नाजूक असतं आणि दारावर कमी जागा खातं. पण जुन्या दाराचं प्लेट काढून तिथं रोज लावायला जाऊ नका, प्लेटच्या खालचा पॉलिश न बसलेला पट्टा आणि स्क्रूची भोकं उघडी पडतात, मग मिस्त्री तिथं लांबी म्हणजे पुट्टी भरून देतो आणि ते ठिगळ जन्मभर दिसत राहतं. तुमची दारं नवीन आहेत म्हणून प्रश्न नाही.

सिलिंडरचं सोपं आहे. दाराची जाडी मोजा, पण सनमायका दोन्ही बाजूनं लावून झाल्यावर मोजा, बरेच जण नुसतं फ्लश डोअर मोजून येतात. साधारण ३०-३२ मिमीच्या दाराला ६० मिमी लांबीचा सिलिंडर भागतो, मेन डोअरला वरून डिझाइनची फळी चिकटवली असंल तर ७० किंवा त्याच्या वर जावं लागतं. सिलिंडर प्लेटच्या बाहेर दोन-तीन मिमीच्या वर आलेला नको, जास्त बाहेर आला की चोराला पक्कडीनं धरून मोडायला सोपं.

पितळ का स्टील ह्याच्यावर काउंटरवर मी जेवढी भांडणं ऐकलीत तेवढी तर तहसीलच्या आवारात ऐकली नसतील. बाजारात मुख्य चार माल. पितळ, एसएस म्हणजे स्टील, दुकानदार ज्याला व्हाइट मेटल म्हणतो ते जस्ताचं मिश्रण, आणि ॲल्युमिनियम. लोकं खिशात लोहचुंबक घेऊन येतात आणि चिकटलं नाही की म्हणतात ओरिजिनल आहे. अहो, पितळाला चिकटत नाही तसं जस्तालाही चिकटत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही, आणि स्टीलमधलं चांगलं ३०४ आणि हलकं २०२ दोन्हींना जवळपास चिकटत नाही. चुंबकानं एवढंच कळतं की नुसत्या लोखंडावर मुलामा दिलेला नाही. त्यापेक्षा दोन हातात एकाच आकाराची दोन हँडलं घ्या आणि तोला. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, स्टील आठच्या जरासं खाली, जस्त साडेसहाच्या आसपास, ॲल्युमिनियम तर तीनसुद्धा नाही. हाताला लगेच कळतंय. पण एक बघा, पोकळ नळीचं स्टील पण हलकं लागतं, म्हणून हँडलचं टोक आणि मागची बाजू बघून भरीव का पोकळ ते आधी ठरवा. व्हाइट मेटल वाईट असतंय असं मी म्हणणार नाही, बेडरूमला दहा वर्षं आरामात जातं, फक्त पोरं हँडलला लोंबकळून झोके घेणार असतील तर ते वाकत नाही, एकदम तुटतंच.

रोज गोल्ड हा वरचा मुलामा आहे, धातू नाही. डब्यावर पीव्हीडी लिहिलंय का बघा, ते कोटिंग टणक असतंय. नुसती रंगीत लाखेसारखी फिनिश असंल तर स्वयंपाकघराच्या दाराला वर्षभरात अंगठ्याच्या जागी खालचा पिवळा-पांढरा डाग दिसायला लागतो, हळदीचा, तेलाचा हात दिवसातून पन्नास वेळा लागतोय तिथं. आणि पश्चिमेकडं तोंड असलेल्या बाहेरच्या दाराला काळं हँडल लावू नका. फोटोत भारी दिसतं, खरंय, पण मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला गेला की चार वाजता बाहेरून येऊन ते धरून बघा म्हणावं मिस्टरांना.

अकराच्या अकरा दारांना महागडं कशाला? पूजाघराला लॉकच नको, बाथरूमला किल्ली नको, माळ्याच्या आणि स्टोअरच्या दाराला साधं चालतंय. तो पैसा मेन डोअरच्या बॉडीवर आणि सिलिंडरवर घाला. आणि मेन डोअरला दोन्हीकडून किल्लीवालं घेऊ नका, आतून फिरवायचा नॉब असणारंच घ्या. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात किल्लारीला काय झालं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. रात्री अंधारात घराबाहेर पडायची वेळ आली आणि किल्ली कुठं टांगलीय हे आठवत बसावं लागलं तर? आग लागली तरी तेच.

घेताना दार डावं का उजवं, म्हणजे बिजागऱ्या कुठल्या बाजूला, ते पण सांगा, सरळ दांड्याचं हँडल कुठंही फिरवून बसतं पण लाटेसारखं वळण असणारं डाव्या-उजव्याचं वेगळं येतं.

नमस्कार काका. माझी आई ७४ वर्षांची आहे, बोटांना संधिवात. आमच्या बाथरूमला गोल मुठीचं लॉक आहे. मागच्या महिन्यात ती आत अडकली, ओला हात मुठीवरून घसरायला लागला आणि मी शाळेत होतो. शेजारच्यांनी अर्ध्या तासानं दार तोडलं. आता काय लावू?
— एक शिक्षक, लातूर

गुरुजी, पत्र वाचून पोटात गोळा आला. गोल मूठ आधी काढून टाका, आज काढा. ती फिरवायला मुठीत घट्ट धरून मनगट पिळावं लागतं, आणि संधिवातात नेमकं तेच होत नाही. लिव्हर हँडलला धरावं लागतच नाही, तळव्यानं, मनगटानं, हातात बादली असंल तर कोपरानं पण दाबता येतं.

निवडताना हे बघा. दांडा सरळ आणि टोकाला दाराकडं वळलेला घ्या. टोक उघडं असलं की पदर अडकतो, बांगडी अडकते. आमच्याच घरी मी हौसेनं टोकदार डिझाइनचं लावलं होतं, आमच्या मंडळी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायला आणि पदर हँडलात अडकायला एकच गाठ, पाहुणे समोर बसलेले, चार कप फुटले आणि पुढं आठ दिवस मी दुकानातून जरा उशिराच घरी जायचो. दांडा अंगठ्याएवढा तरी जाड असावा, पातळ पट्टीचं हँडल दुखऱ्या बोटाला रुततं. दुकानात दाबून बघा, तुम्ही नाही, आईला घेऊन जा. काही हँडलांची स्प्रिंग एवढी कडक असती की माझ्यासारख्याला पण जोर लावावा लागतो. आईला जमत नसंल तर ते घेऊ नका, तुमचा हात हे त्याचं माप नाही.

आतून कडी, बोल्ट, टॉवर बोल्ट काही ठेवू नका. बाथरूमचं लॉक असं येतं की आतून छोटा नॉब फिरवला की बंद, आणि बाहेरच्या चकतीवर एक खाच, तिच्यात नाणं नाहीतर चमच्याची दांडी घालून फिरवलं की बाहेरून उघडतं. ते घ्या आणि शेजारच्या वहिनींना पण दाखवून ठेवा. उंची जमिनीपासून ९० सेंटीमीटर ते १ मीटरच्या मधी धरा, आणि जमीन म्हणजे तयार फरशी, मिस्त्री बऱ्याचदा कोब्यापासून मोजतो आणि नंतर फरशी आली की हँडल दोन इंच खाली गेलेलं असतं. दुरुस्ती करायलाच बसलाय तर दार बाहेर उघडणारं करता येतं का बघा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं.

वास्तुशांतीला दोन महिने झाले नाहीत तर बाथरूमच्या आणि किचनच्या हँडलवर काळे बारीक टिपके आलेत, एका ठिकाणी तर मुलामा फुगून वर आलाय. बिलावर ५ वर्षं वॉरंटी लिहिलीय पण दुकानदार म्हणतो पाणी खराब. आमचं बोअरचं पाणी आहे हे खरंय. पण बेडरूमची हँडलं चकचकीत आहेत, मग हे कसं?
— एक वाचक, नांदेड

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मी विचारतो. वास्तुशांतीच्या आधी फरशीवाल्यानं फरश्या ऍसिडनं धुतल्या का? बहुतेक हो म्हणाल. आपल्याकडं पद्धतच आहे, घरभरणीच्या आदल्या दिवशी टाइल्सवरचं सिमेंट काढायला बाटली ओतायची आणि खराट्यानं घासायचं. त्या ऍसिडची वाफ, नाकाला झोंबते ती, बंद बाथरूममध्ये तासभर राहिली तरी क्रोमच्या मुलाम्याला आणि स्टीलला पण खाते. ३०४ पण सुटत नाही. हँडलवर थेंब पडायची पण गरज नाही. बेडरूममध्ये ऍसिड वापरलं नाही म्हणून ती हँडलं वाचली.

बोअरच्या पाण्याचा दोष वेगळा असतो. क्षारानं पांढरा थर चढतो, ओल्या हाताचा डाग वाळून खडूसारखा दिसतो, पण तो व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं निघतो, लगेच साध्या पाण्यानं पुसून कोरडं केलं की झालं. काळे खड्डे आणि फुगे दोन महिन्यात नुसत्या क्षारानं सहसा येत नाहीत.

आता उपाय. ज्याचा मुलामा फुगलाय ते बदलायचंच, त्याच्यावर कुठलीच पॉलिश टिकत नाही. एसएसचं असंल आणि नुसते तांबूस-काळे टिपके असतील तर खायचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्यानं दांड्याच्या लांबीत घासा, घासणी लावू नका. वॉरंटीबद्दल खरं सांगू का, तो दुकानदार कारण बहुतेक चुकीचं सांगतोय पण ऍसिडचं कळलं तर वॉरंटी तसंही कोणी देणार नाही. आणि बाकीच्यांनी हे वाचून ठेवा: हँडल ही घरात सगळ्यात शेवटी बसायची वस्तू आहे. फरशी धुऊन झाली, रंग झाला, दाराला पॉलिश मारून वाळलं की मग. खाच आधी पाडून घ्या, बॉडी पण बसवून बघा, पण हँडल डब्यात राहू द्या.

आमच्या हॉलच्या दाराचं हँडल खाली लोंबतंय, वर करून ठेवावं लागतं. सुतार म्हणतो नवीन घ्या. लॉकमध्ये खोबरेल तेल सोडून बघितलं, दोन दिवस बरं चाललं, आता किल्ली पण अडकायली.
— एक वाचक, अंबाजोगाई

नवीन घ्यायची घाई करू नका. दार उघडं ठेवा आणि बघा. उघड्या दारात पण हँडल लोंबत असंल तर दांड्याच्या मुळाशी खालच्या बाजूला एक बारीक भोक असतंय, त्याच्यात ॲलन स्क्रू असतो, बहुतेक वेळा ३ मिमीच्या चावीचा. तो ढिला झालेला असतो. आवळा. आवळून पण लोंबत असंल तर स्प्रिंग गेली, ती हँडलमध्ये असती नाहीतर बॉडीमध्ये. हँडल काढून सळई पान्यानं फिरवून बघा, सळई आपोआप जागेवर आली तर बॉडी चांगली आहे, नुसता हँडलचा सेट बदला.

आणि उघड्या दारात ठीक पण बंद करताना उचलून धरावं लागत असंल तर हँडलचा दोषच नाही, दार बिजागरीत खाली बसलंय. लॅचच्या, म्हणजे दार अडकवणाऱ्या खटक्याच्या, जिभेला थोडं कुंकू लावून दार लावा, चौकटीवरच्या पट्टीला डाग भोकाच्या खाली पडला की समजा. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून त्याहून लांब स्क्रू घाला. पावसाळ्यात लाकूड फुगून पण असं होतं, तर श्रावणात पट्टी कोरायला बसू नका, दिवाळीनंतर तेच दार आपोआप सुटं होतं.

खोबरेल तेलाचं काय सांगावं. तेल आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ मिळून सिलिंडरच्या आत चिखल होतो, थंडीत खोबरेल गोठतं ते वेगळंच. आधी लॉक साफ करायच्या स्प्रेनं तो चिखल धुऊन काढा, वाळू द्या, मग टूबी पेन्सिलीचं शिसं किल्लीवर दोन्ही बाजूनं घासा आणि किल्ली वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. तेल पुन्हा सोडू नका.

पैठणला आमचा जुना वाडा आहे, सागवानी दोन फळ्यांचं दार, कडी-कोयंडा आणि आतून अडसर. भावाला त्याला लिव्हर हँडल बसवायचंय.
— एक वाचक, पैठण

बसवू नका हो. कोरायला निघालात की पेटीला चांगली जाड फळी लागते आणि जुन्या दाराला ती फक्त आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या जागी मिळते, मधला भाग पातळ असतो. शिवाय दोन फळ्यांच्या दारात एक फळी वर-खाली बोल्टनं पक्की धरल्याशिवाय लॅच नीट लागतच नाही. किल्लीचं लॉक पाहिजेच असंल तर आतल्या बाजूला वरून बसणारं लॉक येतं, चार स्क्रू आणि एक गोल भोक, बस. भावाला म्हणावं हौस फ्लॅटमध्ये भागव.

डिजिटल लॉकवालं हँडल घ्यावं का? आमच्याकडं लाईट लई जाते.
— एक वाचक, बीड

लाईटचा संबंध नाही, ते सेलवर चालतं, बहुतेकांना चार पेन्सिल सेल लागतात आणि सेल संपत आले की ते आधी आवाज करून सांगतं. आपण ते ऐकत नाही हा भाग वेगळा. साधी किल्ली पण चालणारंच घ्या, आणि ती किल्ली घरात नाही, बाहेर कुणाकडं तरी ठेवा. एका गिऱ्हाइकानं ती घरातल्याच कपाटात ठेवली होती.

दादा हसू नका, आमचं मांजर उडी मारून लिव्हर दाबतं आणि किचनचं दार उघडतं. दूध संपवून जातं. गोल मूठ परत लावू का?
— एक ताई, वसमत

हसलो, माफ करा. मूठ नको. दार तुमच्या किचनच्या आत ढकलून उघडतंय, म्हणून जमतंय त्याला, लिव्हर दाबलं की त्याच्याच वजनानं दार आत जातं. दार त्याच्याकडं ओढून उघडावं लागलं असतं तर नुसतं लोंबकळून काही झालं नसतं. बिजागऱ्या पलटायचा खर्च करायचा नसंल तर किचनच्या बाहेरून वरच्या बाजूला एक साधी कडी लावा. आणि दूध फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिजला लिव्हर हँडल नसतंय.